‘ट्यूब धुऊन घ्या’ असं सांगितलंय? मग जाण्याआधी एवढं बघा

"एकदा ट्यूब धुऊन घे, दिवस राहतील." लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा हे वाक्य मला महिन्याभरात तिघांनी ऐकवलं. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी, शेजारच्या काकूंनी आणि आत्येसासूबाईंनी. आत्येसासूबाईंच्या सुनेला म्हणे धुतल्यावर दुसऱ्याच महिन्यात राहिले होते. तिघांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या, हे कळायला मला पुढची दीड वर्षं लागली. त्या दीड वर्षात माझ्या ट्यूब, म्हणजे बीज पिशवीकडे नेणाऱ्या गर्भनलिका, तीनदा धुतल्या गेल्या. एकदाही फोटो नाही, रिपोर्ट नाही. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी करू या, असं कुणी म्हणालंच नाही.

तुम्हालाही कुणी हे सांगितलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही. पण या वाटेवरून स्वतः गेलेय, नंतर नणंदेबरोबर गेलेय, आणि मधल्या काळात जे वाचायला हवं ते वाचलंय.

आधी ठरवा: नेमकं काय धुणार आहेत?

आपल्या बोलण्यात ‘धुणं’ या एका शब्दात चार-पाच गोष्टी कोंबलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘पिशवी धुणं’ किंवा ‘पिशवी साफ करणं’ म्हणजे क्युरेटिंग. त्यात गर्भपिशवीचं आतलं अस्तर खरवडून काढतात. ट्यूबशी त्याचा संबंध नाही. काकू याच्याबद्दल बोलत होत्या.

दुसरा प्रकार हायड्रोट्यूबेशन. पिशवीच्या तोंडातून नळी घालून औषध मिसळलेलं सलाइन दाबाने ट्यूबमध्ये सोडतात. औषध म्हणजे बहुतेक वेळा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड. पूर्वी हे सर्रास चालायचं, लहान गावांत अजून चालतं. महिन्याला एक असं तीन महिने. माझ्यावर हेच झालं. पडद्यावर काही दिसत नाही. हाताला दाब किती लागला, यावरून डॉक्टर ‘आता मोकळी वाटतेय’ म्हणतात. ट्यूबच्या ऑपरेशननंतर अशा धुण्याने फायदा होतो का हे तपासून पाहिलं गेलंय, आणि फायदा होतो म्हणायला पुरेसा आधार सापडलेला नाही. दर महिन्याला धुवायला बोलावत असतील, तर ‘यातून काय दिसणार आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारा.

तिसरी एचएसजी. एक्स-रेवर दिसणारं औषध ट्यूबमध्ये सोडून फोटो काढतात. मुळात ही तपासणी. धुणं होतं ते ओघाने.

चौथी सोनोग्राफीवर होणारी एसएसजी. आपल्या भागातल्या जुन्या डॉक्टरांच्या तोंडी तिला ‘सायन टेस्ट’ म्हणतात. हे नाव आपल्या मुंबईच्या सायन हॉस्पिटलवरून पडलंय. तिथल्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या पद्धतीचा अनुभव प्रसिद्ध केला. पिशवीत फोलीची नळी (टोकाला छोटा फुगा असलेली) ठेवायची, सलाइन सोडायचं आणि ट्यूबच्या टोकाशी पाणी पडताना सोनोग्राफीत दिसतंय का, पिशवीमागे साचतंय का, ते बघायचं. एक्स-रे लागत नाही. ट्यूब उघडी आहे की नाही याचा अंदाज चांगला येतो, पण नेमकं कुठे अडलंय हे एचएसजीइतकं स्पष्ट कळत नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये निळं औषध सोडून ट्यूब बघतात, तो पाचवा प्रकार. त्याला भूल लागते. नुसत्या तपासणीसाठी सहसा कुणी तिथून सुरुवात करत नाही.

आणि सध्या जगभर ‘उपचार म्हणून ट्यूब धुणं’ ज्याला म्हणतात, ती तेलाची एचएसजी. आत्येसासूबाईंच्या सुनेचीही बहुधा तीच झाली असावी. मोठ्या शहरात केली होती आणि ‘तेलाचं औषध’ असं त्या म्हणत होत्या, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

तेलाचं औषध म्हणजे काय

खसखशीच्या तेलात आयोडीन बसवलेलं एक औषध आहे, लिपिओडॉल. १९०१ साली फ्रान्समध्ये मार्सेल गेर्बे यांनी ते तयार केलं. शरीराच्या आतल्या पोकळ्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून १९२०च्या दशकात ते वापरात आलं. ट्यूबच्या तपासणीसाठीही वापरायला लागल्यावर पुढच्या काही दशकांत डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात येत गेली: नुसती तपासणी करून गेलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना पुढच्या काही महिन्यांत दिवस राहतायत. मधे पाण्यात विरघळणारी औषधं आली. ती पटकन शोषली जातात, फोटोही स्वच्छ येतो, म्हणून तेल मागे पडलं.

मग नेदरलँड्समधल्या २७ रुग्णालयांनी मिळून १,११९ बायकांवर अभ्यास केला. निम्म्यांना तेलाची एचएसजी, निम्म्यांना पाण्याची. कुणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांत तेलाच्या गटात ३९.७ टक्के बायकांना गर्भ राहून टिकला, पाण्याच्या गटात २९.१ टक्के. म्हणजे शंभरांत साधारण दहा जास्त. चमत्कार म्हणावा एवढं नाही, पण एका दुपारच्या तपासणीसाठी थोडंही नाही.

आता यातली खरी गोम. त्या अभ्यासात घेतलेल्या बायका ३९ वर्षांपर्यंतच्या, पाळी नियमित असलेल्या आणि ट्यूब खराब असण्याची शक्यता कमी असलेल्या होत्या. नवऱ्यांच्या शुक्राणूंचा रिपोर्टही फार वाईट नव्हता. म्हणजे फायदा दिसला तो मुळात ज्यांच्या ट्यूब उघड्या असाव्यात अशांना. आपण समजतो बरोबर उलटं: ट्यूब चोंदली की धुवायची, नाल्यात पाणी मारल्यासारखं. चिकट पदार्थाचा बारीक बोळा अडकला असेल, तर तो धुतल्याने निघतो. पण टीबीने किंवा जुन्या इन्फेक्शनने आतून चिकटलेली ट्यूब पाण्याने उघडत नाही, तेलानेही नाही. जास्त दाब दिला तर नुकसानच.

मग उघड्या ट्यूबला फायदा का? पातळ चिकटा निघून जाणं हे एक कारण सांगतात. दुसरं असं की पोटातल्या आणि पिशवीच्या अस्तरातल्या प्रतिकारपेशींवर तेलाचा परिणाम होऊन गर्भ रुजायला मदत होत असावी. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) असलेल्या, पण ट्यूब उघड्या असलेल्या बायकांवर न्यूझीलंडमध्ये झालेल्या अभ्यासातही तेलाचा फायदा दिसला होता.

टेबलवर झोपण्याआधीची कागदपत्रं

सगळ्यात वर नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट. मी हे दहा वेळा लिहीन. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, शक्यतो लॅबमध्येच. बाईच्या तपासणीच्या मानाने किती स्वस्त आणि बिनदुखण्याची तपासणी, तरी सगळ्यात शेवटी होते. आमच्याकडे तीन धुण्यांनंतर एका दुसऱ्या डॉक्टरांनी ती मागितली. रिपोर्ट हातात आला तेव्हा आम्ही एसटी स्टँडवर बसलो होतो. नवरा तो कागद इतका वेळ बघत होता की आमची गाडी गेली. अडचण तिकडे होती. माझ्या ट्यूब पुढे एचएसजीत दोन्ही उघड्या निघाल्या. त्यांना कधीच काही झालं नव्हतं.

मग तुमच्या बाजूच्या गोष्टी. बीज दर महिन्याला तयार होतं का, हे पाळीच्या नियमितपणावरून आणि गरज पडली तर फॉलिक्युलर स्टडीवरून, म्हणजे बीज वाढताना सोनोग्राफीत बघण्यावरून, कळतं. थायरॉइडचा टीएसएच बघायचाच, आणि तेलाचं औषध घ्यायचं असेल तर तो आधी बघितल्याशिवाय नाहीच. का, ते पुढे येतंय. अंगावरून पांढरं जास्त जात असेल, वास येत असेल, ओटीपोट दुखत असेल, तर आधी इन्फेक्शनचा उपचार. इन्फेक्शन असताना ट्यूबमध्ये काही सोडणं म्हणजे ते आत ढकलणं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावीच लागते, ती म्हणजे जननेंद्रियांचा टीबी. ना खोकला ना ताप. नुसतं मूल होत नाही, पाळी कमी झालीय. घरात कुणाला टीबी झाला होता का, लहानपणी तुम्हाला औषधं चालली होती का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. अपेंडिक्स फुटलेलं, पोटाचं ऑपरेशन, गर्भपातानंतर ताप आलेला, हेही सांगा. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर गर्भपाताचं बोलता येत नाही, हे मला माहीत आहे. "मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीला बोलायचंय," असं म्हणा. डॉक्टरांना याची सवय असते.

मूल होत नाही म्हणून या तपासण्या कधी सुरू करायच्या? पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी, चाळिशीनंतर लगेच.

तारीख कशी काढायची

पाळी थांबल्यावर आणि बीज सुटण्याआधी, या मधल्या खिडकीत. पाळी आल्याचा पहिला दिवस म्हणजे दिवस एक. अठ्ठावीस-तीस दिवसांची पाळी असेल तर सहावा ते दहावा दिवस. समजा तीन तारखेला पाळी आली आणि सातला थांबली, तर आठ ते बारा. पाळी आल्या दिवशीच फोन करून तारीख घ्या. सेंटरवर ठरावीक दिवशीच करतात आणि मध्ये रविवार आला की खिडकी निघून जाते. रक्त अजून जात असेल तर सांगा, पुढे ढकलतील.

पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. पाळीचा भरवसा नसेल तर त्या दिवशी सकाळी प्रेग्नन्सी टेस्ट करून जा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी नणंदेच्या वेळी एका चिठ्ठीवर लिहून नेले होते: औषध पाण्याचं की तेलाचं? पडद्यावर बघत बघत सोडणार का? कोण करणार? ट्यूब बंद दिसली तर पुढे काय? फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही मिळणार का? एकूण खर्च किती, त्यात औषधाची किंमत धरलीय का? (तेलाचं औषध पाण्याच्या मानाने बरंच महाग पडतं, आणि कधी कधी ते बाहेरून आणायला सांगतात.) डॉक्टर चिठ्ठी बघून हसले, पण सगळ्यांची उत्तरं दिली.

त्या दिवशी

पोट अगदी रिकामं नको, हलका नाश्ता चालतो. भूल देणार असतील तरच उपाशी. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून साधारण तासभर आधी. काही ठिकाणी पोटातली कळ कमी करायचं इंजेक्शन देतात. पूर्वी ट्यूब फुगलेली सापडली असेल किंवा ओटीपोटाचं इन्फेक्शन झालं असेल, तर अँटिबायोटिकही देतात. आयोडीनची किंवा एक्स-रेच्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती फॉर्मवर लिहूनही तोंडी पुन्हा सांगा. बरोबर एक माणूस, एक जाड पॅड आणि सुटसुटीत कपडे. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. पैंजण, कमरेचा करगोटा घरीच काढून ठेवा. एक्स-रेत येतो, आणि टेबलवर झोपल्यावर तो सोडत बसणं काही सुखाचं नसतं.

खोली थंड असते. मशीन वरून खाली येतं, टेबल लोखंडी आणि गार. पाय दुमडून, गुडघे बाजूला. आधी स्पेक्युलम घालतात, बाळंतपणाच्या किंवा आतल्या तपासणीच्या वेळी घालतात तेच. मग पिशवीचं तोंड पुसतात, नळी बसवतात. नळी घट्ट बसवताना एक चिमटा बसतो. मग औषध जातं. तेव्हा जी कळ येते ती पाळीच्या पहिल्या दिवसासारखी, पण एकदम येणारी. मी त्या वेळी छताला असलेल्या एक्झॉस्ट फॅनची पाती मोजत होते. चार होती. चौथ्या-पाचव्यांदा मोजेपर्यंत झालं. औषध सोडणं दोन-तीन मिनिटांचं, आत जाऊन बाहेर येईपर्यंत वीस मिनिटं.

दोन गोष्टी सांभाळा. एक, श्वास रोखू नका. ओटीपोट आवळलं की जास्त दुखतं. दुसरी, दुखणं सहन होत नसेल तर सांगा. दाब कमी करता येतो, थांबता येतं. "एवढंही सहन होत नाही, मग बाळंतपण कसं करणार?" असं एका ठिकाणी मला ऐकवलं गेलं. असलं ऐकून घ्यायचं काही कारण नाही.

तेलाच्या एचएसजीत पडद्यावर सतत बघणं जास्त महत्त्वाचं. तेल जर पिशवीच्या रक्तवाहिन्यांत शिरायला लागलं, तर तिथल्या तिथे थांबवावं लागतं; रक्तातून ते फुप्फुसाकडे जाऊ शकतं. हे क्वचित होतं, पण म्हणूनच पडद्याशिवाय, अंदाजाने तेल सोडून घेऊ नका. ट्यूबमधून तेल सावकाश पुढे सरकतं. त्यामुळे काही वेळा पोटात पसरलंय का हे बघायला दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फोटो काढतात. नणंदेला हे आधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोलावल्यावर तिला वाटलं काहीतरी बिघडलं.

रिपोर्टमधले शब्द

‘स्पिल’ हा शब्द शोधा. बायलॅटरल स्पिल म्हणजे दोन्ही ट्यूबमधून औषध पोटात सांडलं, दोन्ही उघड्या. एकाच बाजूला स्पिल असेल तरी गर्भ राहू शकतो.

‘कॉर्न्युअल ब्लॉक’ किंवा ‘प्रॉक्झिमल ब्लॉक’ म्हणजे पिशवीला ट्यूब जिथे जोडली जाते तिथेच अडलंय. हे वाचून लगेच रडायला बसू नका. तिथे ट्यूब केसाएवढी बारीक असते. भीतीने किंवा दुखण्याने तिला आकडी आली की ती बंद दिसते, किंवा चिकट्याचा बोळा अडकलेला असतो. पुन्हा तपासणी केली की बऱ्याच जणींच्या ट्यूब उघड्या निघतात.

‘हायड्रोसाल्पिंक्स’ म्हणजे ट्यूबचं बाहेरचं टोक बंद होऊन आत पाणी साचलंय. हे गंभीरपणे घ्या. धुऊन जात नाही, आणि ते पाणी पिशवीत येऊन आयव्हीएफचंही (टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचाराचंही) नुकसान करतं. म्हणून आयव्हीएफआधी ती ट्यूब काढायचा किंवा पिशवीपाशी बंद करायचा सल्ला देतात. ट्यूब मण्यांच्या माळेसारखी किंवा कडक नळीसारखी दिसली असं लिहिलं असेल, तर टीबीची तपासणी आधी.

नंतरचे दिवस

दोन-तीन दिवस थोडं रक्त, चिकट पाणी किंवा तेलकट डाग जातात. पॅड वापरा, कप आणि टॅम्पॉन एक-दोन दिवस नको. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच उठू नका. घरी जाताना गाडी दुसऱ्याने चालवावी.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, पोट कमी व्हायच्या ऐवजी जास्त दुखायला लागलं, घाण वास येणारं पाणी गेलं, किंवा तासाला एक पॅड भिजतंय, तर त्याच रात्री डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. शंभरात एक ते तीन जणींना इन्फेक्शन होऊ शकतं, आणि ज्यांच्या ट्यूब आधीच खराब असतात त्यांना जास्त. तेलाचं औषध गेलं असेल आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट इमर्जन्सी.

तेलाचं औषध घेतलेल्यांसाठी थायरॉइडचं वेगळं. पाण्याचं औषध काही तासांत निघून जातं. तेल पोटात आठवडे, कधी महिने रेंगाळतं आणि त्यातलं आयोडीन हळूहळू रक्तात येत राहतं. थायरॉइड मंदावू शकतं. म्हणून पुढचे काही महिने डॉक्टर सांगतील तसा टीएसएच करत राहा. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत "माझी तेलाची एचएसजी झालीय" असं सांगा आणि बाळ झाल्यावर बालरोगतज्ज्ञांनाही. जन्मल्यावर बाळाचा थायरॉइड बघणं तेव्हा जास्त महत्त्वाचं. थायरॉइड आधीपासून जास्त चालत असेल, म्हणजे हायपरथायरॉइडिझम असेल, तर तेलाचं औषध घेऊच नका.

प्रयत्न कधी सुरू करायचे? रक्त थांबलं आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्याच महिन्यात. फायदा असेल तर तो पहिल्या सहा महिन्यांत जास्त दिसतो, म्हणून हे महिने नवऱ्याच्या ऑफिस टूरमध्ये किंवा माहेरच्या लग्नात घालवू नका. सहा महिने झाले आणि काही झालं नाही, तर पुन्हा धुऊन घ्यायला जाऊ नका, पुढच्या उपचारांचं बोला. वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिनेही जास्त. माझ्या नणंदेला तेलानंतर दिवस राहिले नाहीत. सहाव्या महिन्याच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी ती आयव्हीएफसाठी नाही, आधी आययूआयसाठी गेली. दोन्ही शब्द इतके सारखे वाटतात की काउंटरवर आम्हीच गोंधळलो: आययूआय म्हणजे धुतलेले शुक्राणू पिशवीत सोडणं, आयव्हीएफ म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबी. आणि हो, तिथेही ‘धुतलेले’ आलंच. पण तो लॅबमधला धुण्याचा प्रकार, तुमच्या अंगाशी त्याचा संबंध नाही.

शेवटी फिल्म. रिपोर्टचा कागद हरवला तर झेरॉक्स मिळते, एचएसजीची फिल्म गेली तर नवीन डॉक्टर सरळ म्हणतात, "पुन्हा करू." फिल्म घडी घालू नका, पाकिटातच ठेवा, गादीखाली सपाट. पावसाळ्यात दोन फिल्म एकमेकींना चिकटतात, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घाला. आणि घरी पोहोचल्या पोहोचल्या खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर एकेकीचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट.